छापील पान की पडदा? डिझायनरच्या विशेषज्ञतेचा प्रश्न, एडिनबरातून पाहताना

मार्च २०१२ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची छापील आवृत्ती यापुढे निघणार नाही, असे तिच्या प्रकाशकांनी जाहीर केले. या कोशाची पहिली आवृत्ती १७६८ ते १७७१ या काळात एडिनबरात, शंभर साप्ताहिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध झाली होती. २४४ वर्षांनंतर तो केवळ पडद्यावर उरला. मजकूर, चित्रे, नकाशे, मांडणी हे सारे नव्या घरी गेले. प्रश्न उरला तो पान घडवणाऱ्या माणसांचा.

डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी एडिनबरात येणारे मराठी तरुण आणि ब्रिटनमध्ये दहा-पंधरा वर्षे मुरलेले व्यावसायिक, दोघांच्याही तोंडी हा प्रश्न असतो. छपाईचे काम धरून ठेवावे, पूर्णपणे संकेतस्थळे आणि ॲप यांकडे वळावे, की दोन्हीकडे पाय ठेवावेत? सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. एक म्हणतो, एक धड ना भाराभर चिंध्या करू नका; दुसरा म्हणतो, एकाच माध्यमावर विसंबाल तर ते माध्यम बुडताना तुम्हीही बुडाल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही विशेषज्ञतेची रेघ माध्यमांच्या मध्ये ओढतात, आणि माझ्या मते घोटाळा तेथेच आहे. डिझायनरने कशात तरी खोल उतरलेच पाहिजे. मात्र ती खोली कागदाची किंवा पडद्याची असण्यापेक्षा अक्षराची, वाचनाची, नकाशाची, लिपीची असावी. हे म्हणणे तपासून पाहायला एडिनबरासारखे गाव शोधून सापडणार नाही, कारण छपाईचा उत्कर्ष आणि अस्त दोन्ही या शहराने पोटभर पाहिले आहेत.

खिळे जुळवणाऱ्यांचे शहर

ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीमागे तीन माणसे होती. कॉलिन मॅकफार्कर हा मुद्रक, अँड्र्यू बेल हा ताम्रपटावर कोरीवकाम करणारा आणि विल्यम स्मेली हा संपादक. स्मेलीला या कामाचे दोनशे पौंड मिळाले. तो संपादक म्हणून ओळखला जात असला तरी घडला होता छापखान्यात. बारा वर्षांचा असताना तो मुद्रकाकडे उमेदवारीला लागला. पुढे मुद्रितशोधन, संपादन, निसर्गविज्ञान, बुफाँच्या ग्रंथाचे भाषांतर आणि स्वतःचा छापखाना असा त्याचा प्रवास झाला. खिळे हाताळणारा माणूसच मजकूर लिहीत होता आणि पानाचा निर्णयही घेत होता. अठराव्या शतकातील लहान छापखान्यात अशी सरमिसळ असे.

एकोणिसाव्या शतकात छापखाने कारखाने झाले. टॉमस नेल्सन, चेंबर्स, आर. अँड आर. क्लार्क, टी. अँड ए. कॉन्स्टेबल, नकाशांसाठी बार्थोलोम्यू अशी नावे जगभर पोचली. नेल्सन घराण्यातील धाकट्या टॉमसने घडवलेले फिरत्या सिलिंडरचे यंत्र १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडले गेले होते. उत्पादन वाढले तसे कामाचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा माणूस आला. विशेषज्ञता म्हणून आपण जिचा गौरव करतो, तिची ही फारशी न सांगितली जाणारी बाजू आहे.

१८७२ च्या अखेरीस एडिनबरातील जुळाऱ्यांनी कामाचे तास कमी व्हावेत म्हणून संप पुकारला. संप यशस्वी झाला नाही. त्या काळात मालकांनी मुलींना खिळे जुळवायला शिकवले आणि पुढील चार दशके एडिनबरा हे स्त्री-जुळाऱ्यांचे शहर म्हणून ब्रिटनभर ओळखले गेले. या स्त्रियांना पुरुषांपेक्षा बरीच कमी मजुरी मिळे. त्यांच्याकडे मुख्यतः सलग मजकूर जुळवण्याचे काम असे. पाने लावणे, फर्मा बसवणे, अवघड मांडणी करणे ही कामे बहुतांशी पुरुषांकडे राहत. ब्रिटानिकाच्या पुढील आवृत्त्यांचा मजकूरही या स्त्रियांच्या हातांखालून गेला. शान रेनल्ड्स या इतिहासकार बाईंनी १९८९ मध्ये या स्त्रियांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ब्रिटानिकाचे नाव आहे. १९१० मध्ये पुरुष कामगारांच्या संघटनेच्या दबावाखाली समझोता झाला आणि नव्या मुलींना या कामात घेणे थांबले. ज्या होत्या त्या काम करत राहिल्या, पण त्यांच्यामागून कोणी येणार नव्हते.

या स्त्रियांच्या हातांचा वेग आणि अचूकपणा वादातीत होता. सलग मजकूर जुळवण्यात त्या विशेषज्ञच होत्या. तरीही ती विशेषज्ञता त्यांनी निवडलेली नव्हती, त्यांच्या वाट्याला दिलेली होती. आणि दिलेल्या तुकड्याच्या पलीकडचे पान त्यांना कधी लावू दिले गेले नाही. परदेशी कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या आपल्या अनेक मंडळींना हे ओळखीचे वाटेल. वर्षभर एकाच जाहिरातीचे वीस आकार करणारा, किंवा दुसऱ्याने ठरवलेल्या पडद्यांना फक्त रंग भरणारा डिझायनर कागदोपत्री ‘डिजिटल स्पेशलिस्ट’ असतो. विशेषज्ञता आहे की नाही, यापेक्षा ती कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी आखली, हे आधी विचारावे.

पुढची कथा झपाट्याने घडली. यंत्रावरील जुळणी आली, मग प्रकाशजुळणी, १९८५ मध्ये अल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ आले आणि शिशाच्या खिळ्यांचा धंदा संपला. डाल्कीथ रोडवर नेल्सनचा विस्तीर्ण कारखाना होता, त्या जागी विमा कंपनीची इमारत उभी राहिली. डंकन स्ट्रीटवरील बार्थोलोम्यूच्या वास्तूचा खांबांचा दर्शनी भाग अजून पाहायला मिळतो. तोही मूळचा मॉर्निंगसाइडमधील एका जुन्या हवेलीचा, उचलून आणून येथे बसवलेला.

बार्थोलोम्यूचे उदाहरण येथे विशेष उपयोगाचे आहे. या घराण्याने ताम्रपटावरील कोरीवकामापासून सुरुवात केली, पुढे शिळाछापाकडे वळले, आणि उंचीनुसार हिरव्या-तपकिरी छटा भरण्याची पद्धत नकाशांत रूढ केली. शाळेच्या ॲटलासमध्ये सह्याद्री तपकिरी आणि कोकणपट्टी हिरवी दिसते, ती याच परंपरेतून. १९९५ मध्ये त्यांची एडिनबरातील छपाई थांबली. त्यांचा संग्रह आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्या ग्रंथालयाच्या नकाशांच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतो. ताम्रपट कोरणाऱ्याचे कौशल्य संपले. उंचीला रंग कोणता द्यावा, गावाचे नाव नदीवर न चढवता कोठे लिहावे, हे ज्ञान मात्र संपले नाही. मोबाइलवरील नकाशा करणाऱ्यालाही नेमके तेच लागते.

अंतर आहे, आणि ते खरे आहे

माध्यमाची रेघ चुकीची म्हणताना माध्यमांतील फरक हलका लेखण्याचे कारण नाही. दोन्ही जमते असे सांगणारे पुष्कळजण एकच करत असतात आणि दुसऱ्याची नक्कल करतात.

छपाईत चूक परत घेता येत नाही. कडेला तीन मिलिमीटर जादा रंग सोडला नाही तर कापणीनंतर पांढरी रेघ दिसते. चित्राला इंचामागे तीनशे ठिपके लागतात. बारीक काळा मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून छापायला घेतला तर रंगांची जुळणी केसभर सरकताच अक्षरांना लाल-निळी किनार येते; देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि बारीक गाठी अधिक असल्याने हा दोष लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून जाणता माणूस मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवतो. कागद शाई किती पितो, घडी कोठे पडते, फर्म्याची पाने कशी लागतात, हे छापखान्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

पडद्यावर उलट अडचण आहे: पानाचा आकारच ठाऊक नसतो. ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा मांडली, ती याच अडचणीला उत्तर म्हणून. वाचक अक्षर मोठे करील, रंग बदलील, उजेडात उभा राहून वाचील, किंवा डोळ्यांनी वाचणारच नाही. संगणक त्याला वाचून दाखवील. साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांतील तीव्रतेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. ब्रिटनमधील सार्वजनिक संस्थांना असे निकष पाळणे २०१८ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. त्याच नियमांखाली २३ सप्टेंबर २०१८ पासून संकेतस्थळावर चढवलेल्या पीडीएफ फायलीही येतात. म्हणजे एखाद्या विद्यापीठासाठी किंवा नगरपालिकेसाठी छापील पुस्तिका करणारा डिझायनर, ती पुस्तिका पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर गेली की, पडद्याच्या कायद्याखाली येतो. शीर्षकांची श्रेणी, चित्रांचे वर्णन, वाचनाचा क्रम हे त्याने आधीच बांधलेले नसेल तर कोणाला तरी ते काम नव्याने करावे लागते. ‘मी फक्त छपाई करतो’ हे वाक्य ब्रिटनच्या सार्वजनिक क्षेत्रात आता पुरेसे खरे राहिलेले नाही.

केवळ छपाईत राहून उत्तम जगता येईल अशी क्षेत्रेही आहेत. स्कॉटलंडमधील सर्वांत ठळक क्षेत्र व्हिस्कीच्या बाटल्यांचे. तेथे लेबलावरील सोनेरी वर्ख, उठावदार छपाई, साच्याने कापलेला कागद आणि खोका यांवर महिनोन्‌महिने काम चालते, आणि लेबलावर कोणते शब्द कसे असावेत हे स्कॉच व्हिस्कीसंबंधीच्या २००९ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. या कामाला पडद्याची गरज जवळजवळ नाही. याउलट ऑगस्टमधील फ्रिंज महोत्सव. १९४७ पासून चालत आलेल्या या मेळ्यात चार माणसांची नाटक मंडळी येते. तिला भित्तिचित्र, हातात वाटायचे पत्रक, तिकीटविक्रीच्या पानावरचे चित्र आणि समाजमाध्यमांसाठीचे तुकडे सगळे एकाच माणसाकडून, एकाच आठवड्यात आणि बहुधा उधारीवर हवे असते. एकाच शहरात दोन्ही प्रकारचे डिझायनर जगतात. त्यामुळे ‘बाजाराला काय हवे’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही.

जॉर्जियाची वंशावळ

वाचकांपैकी बहुतेकांनी ‘जॉर्जिया’ या इंग्रजी फॉन्टात हजारो पाने वाचली असतील. मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी तो घडवला आणि १९९६ मध्ये तो लोकांच्या हाती आला. खास पडद्यासाठी, त्या काळच्या ठोकळेबाज बिंदूंवर स्वच्छ दिसावा म्हणून घडवलेला हा फॉन्ट. पण त्याचे कूळ शोधत गेलो तर आपण पुन्हा स्कॉटलंडमध्ये येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिनबरातील विल्यम मिलर आणि ग्लासगोतील विल्सन यांच्या ओतशाळांतून जी अक्षरशैली निघाली, तिला पुढे ‘स्कॉच रोमन’ असे नाव पडले. जॉर्जियाला प्रेरणा तिची. त्याच शैलीवर कार्टर यांनी छपाईसाठी जे कुटुंब केले, त्याचे नावच ‘मिलर’ आहे. १९९७ मध्ये ते आले आणि अनेक वृत्तपत्रांनी स्वीकारले.

कार्टर यांची कारकीर्द आपल्या प्रश्नासाठी मुद्दाम रचल्यासारखी आहे. जन्म १९३७ चा. तरुणपणी ते हॉलंडमधील हार्लेम येथे, एन्सखेडे यांच्या ओतशाळेत पोलादी ठशांवर हाताने अक्षर कोरायला शिकले. हे कौशल्य तेव्हाच अस्तंगत होते. पुढे प्रकाशजुळणीसाठी अक्षरे केली. १९७८ मध्ये अमेरिकेतील टेलिफोन निर्देशिकांसाठी ‘बेल सेंटेनियल’ केला. निकृष्ट कागदावर शाई पसरते, म्हणून त्यांनी अक्षरांच्या सांध्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. शाई त्या खाचांत भरते आणि अक्षर नीट उमटते. वीस वर्षांनी पडद्याचे काम आले, तेव्हा त्यांनी आधी बिंदूंची अक्षरे रचली आणि बाह्यरेषा मागाहून काढल्या. पोलाद, प्रकाश, शाई आणि बिंदू अशी चार माध्यमे झाली. त्यांना ‘बहुमाध्यमी डिझायनर’ म्हणायचे की विशेषज्ञ? मी विशेषज्ञ म्हणेन. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली, अक्षर. आणि प्रत्येक माध्यमाच्या दोषाशी ते शेवटच्या खाचेपर्यंत भिडले.

मराठीत हा प्रश्न अधिक धारदार का

कार्टर यांच्यापेक्षा एका वर्षाने मोठे असलेले रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८), हे आपल्याकडचे समांतर उदाहरण. सर ज. जी. मधून उपयोजित कलेचे शिक्षण, मग जाहिरात संस्थांतील नोकरी आणि त्यातही ‘उल्का’मध्ये दोन दशकांहून अधिक काळ, १९८३ पासून आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन, त्यानंतर जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या पुढे सी-डॅकमध्ये सामावलेल्या संस्थेत भारतीय लिप्यांच्या संगणकीय फॉन्टांचे काम. शिवाय ते कवी होते आणि सुलेखनाचे प्रयोग करत. विंडोजमध्ये देवनागरी वाचताना वर्षानुवर्षे जो ‘मंगल’ फॉन्ट समोर येई, तो त्यांचा. जाहिरातीच्या कागदावर घडलेला हा हात भारतातील कोट्यवधी पडद्यांवर पोचला. साठच्या दशकातच त्यांनी भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ नावाच्या समान लिपीची कल्पना मांडली होती. ती रूढ झाली नाही, पण लिपी हा प्रश्न म्हणून पाहण्याची त्यांची सवय किती जुनी होती हे त्यातून दिसते.

याच पिढीतील दुसरे टोक कमल शेडगे (१९३५–२०२०). ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कला विभागात नोकरी आणि जन्मभर अक्षरांकन. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ अशा नाटकांची नावे आठवली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शेडग्यांची अक्षरेच उभी राहतात. कित्येकांना नाटकाआधी ती अक्षरे भेटली. शेडग्यांनी संगणकाचा किंवा संकेतस्थळाचा पाठलाग केला नाही, आणि तो न केल्याने त्यांचे काही अडलेही नाही. त्यांनी काढलेले नाव वृत्तपत्रातील दोन इंचांच्या जाहिरातीत, नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर आणि आज यूट्यूबच्या चौकटीतही तितकेच ठसते. निव्वळ विशेषज्ञ असूनही ते एका माध्यमाचे कैदी नव्हते. शेडग्यांचा दाखला देऊन ‘मी फक्त छपाई करीन’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांचे विशेषज्ञत्व अक्षरात होते, ऑफसेटच्या यंत्रात नव्हते.

आता जोशी-शेडग्यांच्या नंतरची, कमी प्रतिष्ठेची पण रोजची अडचण. मराठी छपाई आणि मराठी संकेतस्थळे ही प्रदीर्घ काळ दोन वेगळ्या संकेतनांत जगत आली आहेत. नव्वदच्या दशकात आलेल्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका फॉन्टात साधारण अडीचशे जागा, आणि जोडाक्षरांची गरज त्याहून कितीतरी मोठी. म्हणून अर्धी अक्षरे, काने, मात्रा यांचे तुकडे जोडून शब्द उभा केला जाई. कागदावर तो सुंदर दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी चिन्हांची निरर्थक रांग असे. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी होई. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये ती वापरता येऊ लागली. पण पुस्तकांची पाने लावण्याच्या ‘इंडिझाइन’मध्ये देवनागरीची जुळणी धडपणे होऊ लागली ती २०१२ च्या सीएस ६ पासून. तोपर्यंत आपले प्रकाशक आणि छापखाने श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांवर राहिले, यात त्यांचा आळस कमी आणि निरुपाय अधिक होता. आता श्रीलिपीसुद्धा युनिकोड देते. सवयी मात्र मागे राहिल्या.

परिणाम काय झाला? दिवाळी अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ यांच्या हजारो पानांच्या पीडीएफ आज संगणकांत आहेत, आणि त्यांत एकही मराठी शब्द शोधून सापडत नाही. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर कचरा उमटतो. दृष्टिहीन वाचकाचा संगणक तो मजकूर इंग्रजी समजून बरळतो. परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिकांचीही हीच गत आहे. पहिल्या पिढीने येथे येऊन काय केले, कोणते नाटक बसवले, गणपती कोणाच्या तळघरात बसवला, याची बहुधा एकमेव नोंद त्या पानांत असते. आणि नातवंडांच्या शोधयंत्राला ती पाने मुकी आहेत. छपाईवाल्याने छपाई पाहिली, वेबवाल्याने पीडीएफ चढवली, आणि दोघांच्या मधल्या जागेत मजकूर हरवला.

वेबवाल्यांच्या बाजूला वेगळ्या चुका घडतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे; ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. रफार आणि हा आडवा अर्धा ‘ऱ’ यांतील भेद मराठीला अनिवार्य आहे, हिंदीला नाही. हिंदीपुरती तपासणी करून निवडलेल्या फॉन्टात तो नीट येतो की नाही हे मराठी जाणणाऱ्याने पाहावे लागते. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे ठरवून दिली. अनेक आधुनिक फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपे असतात; पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचे नोंदवले तर फॉन्ट आपोआप मराठी रूप पुढे करतो. दोन अक्षरांची ती नोंद. ती न केल्याने मराठी संकेतस्थळावर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, आणि काहीतरी परके वाटते आहे एवढेच वाचकाला जाणवते. ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. खिळ्यांच्या काळात हे कोणत्याही जुळाऱ्याने एका नजरेत ओळखले असते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत उपलब्ध असून तो कागदावर आणि पडद्यावर दोन्हीकडे चालतो. असे फॉन्ट आल्यापासून निदान ‘वेबला चांगले देवनागरी अक्षर नाही’ ही सबब संपली आहे. उरली आहे ती दोन्ही बाजूंचे काम समजणाऱ्या माणसांची वाण. इंग्रजीत छपाई आणि वेब यांच्यामधली जागा आधीच भरलेली आहे, म्हणून तेथे एका बाजूला राहून चालते. मराठीत ती रिकामी आहे.

व्हिसा, नोकरी आणि काही स्पष्ट मते

ब्रिटनमध्ये या निवडीला सरकारी बाजूही आहे. २०२० च्या राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणात वेब डिझाइनचे व्यावसायिक २१४१ या संकेतांकाखाली, तर ग्राफिक आणि मल्टिमीडिया डिझायनर २१४२ खाली येतात. गट एकच, खण दोन. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या व्यक्तीची प्रायोजित नोकरी एका संकेतांकाशी बांधलेली असते, आणि वेगळ्या संकेतांकाच्या नोकरीत जायचे तर व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. भारतात ज्याने पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि प्रकाशकाचे संकेतस्थळ ही दोन्ही कामे सहज केली, त्याला येथे एक खण निवडावा लागतो. हे नियम आणि वेतनाच्या मर्यादा वारंवार बदलतात. अर्ज करण्याच्या दिवशीचा सरकारी मजकूर वाचावा, मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. नोकरीचे वर्णन लिहिले जात असतानाच त्यात दोन्ही माध्यमांचा उल्लेख करून घेता आला तर पुढे अडवणूक कमी होते. सही करण्यापूर्वी त्याविषयी जरूर बोलावे.

नोकरीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत एका माध्यमाचे उत्पादन शेवटपर्यंत शिकावे, असे माझे मत आहे. छपाई निवडली तर छापखान्यात जाऊन यंत्रावरून पहिला कागद निघताना पाहावा. वेब निवडले तर निदान एचटीएमएल आणि सीएसएस स्वतः लिहावे. चित्र काढून प्रोग्रामरकडे सोपवणे म्हणजे वेब डिझाइन नव्हे. दुसऱ्या माध्यमाचे इतके ज्ञान असावे की त्या माणसाची अडचण त्याने सांगण्याआधी कळावी. याहून अधिक दोन्हीकडचे काम अंगावर घेणाऱ्याने मानधनही दोन कामांचे मागावे. ‘तुम्हाला दोन्ही येतेच, मग पुस्तिकेसोबत संकेतस्थळही करून टाका’ हे वाक्य आपल्या मंडळींच्या तोंडून, विशेषतः समाजाच्या कामात, फार मोकळेपणाने निघते.

मध्यम वयात वळण घेणाऱ्यांसाठी चित्र इतके निराश नाही. वीस वर्षे पुस्तके केलेल्या माणसाला ओळीची लांबी, शीर्षकांची श्रेणी आणि वाचकाचा दम किती टिकतो हे ठाऊक असते. या ज्ञानाचा संकेतस्थळांवर दुष्काळ आहे. त्याला नवे साधन शिकायला सहा महिने लागतील. पडद्यावर वाढलेल्या तरुणाला मात्र लांब मजकुराची शिस्त शिकायला अधिक काळ द्यावा लागतो, आणि तो शिकवणारे ज्येष्ठ कार्यालयात नसतात.

यंदा आपल्या मंडळाची स्मरणिका कोणी करायला घेत असेल, तर डिझायनर निवडताना एक छोटी चाचणी पुरते. त्याला एक ओळ द्यावी: ‘आचाऱ्यांनी दऱ्याखोऱ्यांतून आणलेली शहाळी तऱ्हेतऱ्हेच्या लोकांनी पाहिली.’ ती मांडून तिची पीडीएफ मागवावी. अक्षरे कागदावर छापून पाहावीत, ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ’ यांची रूपे तपासावीत. मग तीच ओळ पीडीएफमधून उचलून फोनवर कोणालातरी पाठवावी. ती जशीच्या तशी पोचली, तर काम त्या माणसाला द्यावे.